लिक्विड साबणाचं जेल होत नाही, झालं तर टिकत नाही: मिठाचा डबा उघडण्याआधी हे तपासा

घाणा चांगला उतरतो, लगदा नितळ विरघळतो, फेसही मनासारखा येतो. आणि बाटलीत भरला की पंपातून पिचकारी उडते. मग चिमूटभर मीठ घालायचं. जरा दाटतो, म्हणून अजून चिमूटभर. अजून दाटतो, म्हणून अजून एक. आणि त्या शेवटच्या चिमटीला बघता बघता परत पाणी. नाहीतर त्याहून वाईट: वर पांढरा थर, खाली खारं पाणी.

माझ्या पहिल्या चार घाण्यांपैकी तीन असे गेले. तिन्ही वेळा मी एकच गोष्ट शोधत बसले होते, की यात काय घालू म्हणजे हा घट्ट होईल. आता वाटतं, तो प्रश्न फार उशिरा विचारत होते. साबण जेल होणार की नाही हे बरंचसं तेलं मोजताना ठरून गेलेलं असतं. नंतर घातलेलं मीठ किंवा गम (पाण्यात फुलून दाटी आणणारी पूड) त्यावर फक्त शेवटचा हात फिरवतात. त्यामुळे खाली आधी तपासण्या आहेत आणि औषधं नंतर. घाई असेल त्यांनी मिठाचा भाग आधी वाचला तरी चालेल, पण परत वर यावं लागेल हे सांगून ठेवते.

आधी हे ठरवा: तुमच्या भांड्यात नक्की काय आहे?

‘घरचा लिक्विड साबण’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू फिरतात, आणि एकीचा उपाय दुसरीला मारक ठरतो.

पहिली, पोटॅशचा खरा साबण. तेलं आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पुढे नुसतं ‘पोटॅश’) शिजवून लगदा करायचा आणि तो पाण्यात विरघळवायचा. ही पोस्ट मुख्यतः याच्यासाठी आहे.

दुसरी, साबणाची वडी किसून गरम पाण्यात विरघळवलेली. वडी कॉस्टिक सोड्याची असते, म्हणजे सोडियमचा साबण. तो गरम पाण्यात विरघळतो, पण गार होताना त्यातले स्टिअरिक आणि पामिटिक आम्लाचे साबण परत बाहेर पडू लागतात आणि त्यांच्या बारीक तंतूंचं जाळं तयार होतं. म्हणून संध्याकाळी पाण्यासारखं दिसणारं मिश्रण सकाळी शेंबडासारखं लोंबतं. स्वच्छ सांगते, यातून पारदर्शक, गुळगुळीत जेल निघत नाही. जे निघू शकतं ते लोशनसारखं अपारदर्शक आणि मऊ. त्यासाठी पूर्ण एक दिवस गार होऊ द्या, मग हँड ब्लेंडर फिरवा, थोडं पाणी घाला, दुसऱ्या दिवशी परत फिरवा. दोन-तीन दिवसांत ते स्थिरावतं. त्यात मीठ घालू नका, तार अजून वाढेल आणि पुढे साबण फुटेल, म्हणजे पाण्यापासून वेगळा होईल.

तिसरी, एसएलईएस आणि बीटेन वगैरे (फेस करणारी तयार रसायनं) पाण्यात मिसळून केलेला हँडवॉश. तो रसायनशास्त्राच्या भाषेत साबणच नव्हे. त्याला मीठ फार पटकन लागतं आणि त्याचा पीएच सायट्रिक ॲसिडने ५.५-६ पर्यंत आणता येतो. तिथली नेहमीची चूक म्हणजे बीटेनमध्ये मुळातच मीठ असतं हे विसरणं. बीटेन जास्त घातलं असेल तर वरून मीठ घालण्याआधीच तुम्ही निम्मा रस्ता चाललेला असता. बाकी खाली मिठाबद्दल जे लिहिलंय ते त्यालाही लागू पडतं, लिंबू-आम्लाबद्दल जे लिहिलंय ते पडत नाही.

गरम असताना निकाल देऊ नका

हे इतकं साधं आहे की लिहायला संकोच वाटतो, तरी यावरच सगळ्यात जास्त घाणे वाया जात असावेत. विरघळवलेला साबण गरम असताना पातळच असतो. हाताला कोमट लागला तरी तो अजून पातळच आहे. झाकण ठेवून रात्रभर राहू द्या आणि सकाळी बघा. माझा एक घाणा रात्री पाण्यासारखा होता, सकाळी चमचा उभा राहत होता. मी रात्रीच मीठ घातलं असतं तर तो संपला होता.

सकाळी वर पापुद्रा आलेला दिसला तर ती खूण ओळखा. या साबणात पाणी कमी पडतंय, तो त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त दाट आहे. थोडं पाणी घाला, पापुद्रा विरघळू द्या, परत रात्रभर ठेवा. पापुद्रा यायचा थांबला त्या टप्प्याला तुमच्या साबणाची नैसर्गिक दाटी असते. तिच्यावर समाधानी असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पाणी एकदम ओतण्याची सवय मोडायला मला वेळ लागला. लगद्याच्या वजनाच्या ८० टक्के पाण्यापासून सुरुवात करायची आणि मग ५-५ टक्क्यांनी वाढवत जायचं. घातलेलं पाणी काढता येत नाही. म्हणजे आटवता येतं, पण साबण आटवायला बसणं म्हणजे फेसाशी कुस्ती. भांड्याबाहेर कधी येईल याचा नेम नसतो.

विरघळताना काचेसारखे, जेलीसारखे गोळे राहतात त्यांना गाठी समजू नका. घट्ट लगदा आणि पातळ साबण यांच्या मध्ये एक अवस्था असते जिच्यात साबण पाणी फार सावकाश आत घेतो. मंद आच, झाकण आणि वेळ एवढंच त्याला लागतं. ब्लेंडर लावलात तर गोळे जाणार नाहीत, वर वीतभर फेस मात्र होईल.

पाणी

नळाचं किंवा बोअरचं जड पाणी वापरलं असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी बांधलं जातं आणि न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. बादलीच्या कडेला जमतो तोच. तेवढा साबण कामातून गेला आणि जेल कायमचं गढूळ झालं. डिस्टिल्ड पाणी वापरा. इथे कंजुषी करून मी काहीच वाचवलेलं नाही.

तेलं: खरा निर्णय इथे होतो

खोबरेल तेलाचा साबण भरपूर फेसाळतो, झटकन विरघळतो, आणि दाटत नाही. कितीही कमी पाण्यात ठेवा, तो ओघळतो. मीठ घाला, तो ढिम्म. याचं कारण त्यातल्या मुख्य आम्लाच्या, म्हणजे लॉरिकच्या, आखूड शेपटीत आहे: फक्त १२ कार्बनची. ऑलिव्ह तेलातलं ओलेइक आम्ल १८ कार्बनचं. या लांबीचा दाटीशी काय संबंध ते मिठाच्या भागात येईलच. सध्या एवढं लक्षात ठेवा की खोबरेल ५० टक्क्यांच्या वर असलेल्या कृतीचा साबण मिठाने जेल करायला निघालात तर निराशा ठरलेली आहे.

एरंडेल साबणाला नितळ करतं, म्हणून आपण सढळ हाताने घालतो. पण तेही साबण पातळ ठेवतं. १० टक्क्यांच्या वर नेऊ नका.

पाम तेल, शिया बटर, कोको बटर यांच्यातली स्टिअरिक आणि पामिटिक आम्लं उलट्या बाजूने त्रास देतात. दाटी येते, पण साबण गढूळ होतो, काही दिवसांनी तळाशी मोत्यासारखा चमकणारा साका बसतो. काहींना ती मोतिया झाक आवडते. मला नाही.

जेल हवं असेल तर मी हे प्रमाण धरते: ७० टक्के ऑलिव्ह किंवा हाय-ओलेइक सूर्यफूल, २० टक्के खोबरेल, १० टक्के एरंडेल. साधं सूर्यफूल तेल ही वेगळी वस्तू आहे. त्यात लिनोलेइक आम्ल जास्त असतं आणि साबण लवकर खवट होतो. डब्यावर ‘हाय-ओलेइक’ लिहिलेलं नसेल तर नसतंच असं समजा.

आता पोटॅशचं गणित, कारण पातळपणाचं एक छुपं कारण तिथे बसलेलं असतं. एक किलो तेलं वरच्या प्रमाणात घेतली तर ७०० ग्रॅम ऑलिव्हला साधारण १३३ ग्रॅम, २०० ग्रॅम खोबरेलाला ५१ आणि १०० ग्रॅम एरंडेलाला १८, असं सगळं मिळून २०२ ग्रॅमच्या आसपास पोटॅश लागतं. पण हे शुद्ध पोटॅश. बाजारात मिळणारं बहुधा ९० टक्के शुद्धतेचं असतं, उरलेलं मुख्यतः पाणी. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २२५ ग्रॅम मोजायला हवं. (त्यातून सुरक्षिततेसाठी दोनेक टक्के कमी करायचं ते निराळं.) हा हिशेब न करता २०२ ग्रॅमच घातलं तर दहा टक्के तेल साबण न होता तसंच राहतं. ते तेल साबणाला ढगाळ करतं, वर तरंगतं आणि दाटी येऊच देत नाही. वडीच्या कृतीतला कॉस्टिक सोडा काढून तेवढ्याच वजनाचं पोटॅश घालणाऱ्यांचं तर याहून वाईट होतं. एक ग्रॅम सोड्याच्या जागी १.४ ग्रॅम पोटॅश लागतं. तेलं थोडी जरी बदलली तरी आकडे नव्याने काढा, आणि पाकिटावरची शुद्धता वाचा.

शंका असेल तर सोपी तपासणी आहे. ३० ग्रॅम लगदा ६० ग्रॅम गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून काचेच्या ग्लासात गार होऊ द्या. नितळ राहिला तर पुढे जा. दुधाळ झाला किंवा वर तेलाची कड दिसली तर घट्ट करण्याचा विचार बाजूला ठेवा, आधी तो घाणा नीट शिजवून पुरा करायचा आहे.

(नवख्यांसाठी एवढं सांगून पुढे जाते: पोटॅश पाण्यात घालायचं, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली धरा आणि बराच वेळ धरा.)

मीठ: चढ, माथा आणि दरी

साबणाचे रेणू पाण्यात एकेकटे फिरत नाहीत. शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा छोट्या गोळ्या करून राहतात. डोक्यांवर ऋण भार असतो, म्हणून ती एकमेकांना ढकलतात आणि गोळी गोलच राहते. गोल गोळ्या एकमेकींवरून घरंगळतात, म्हणून साबण पातळ वाहतो. मीठ घातलं की त्यातला सोडियम या डोक्यांमधलं भांडण कमी करतो. डोकी जवळ येतात आणि गोळी लांब होत होत धागा बनते. धागे वाढले की सुताच्या गुंड्यासारखे एकमेकांत अडकतात. जेल म्हणजे हा गुंता. आखूड शेपटीच्या रेणूंना असे लांब धागे करणं जमत नाही, म्हणून खोबरेलचा साबण ढिम्म राहतो.

अजून मीठ घातलं की धाग्यांना फांद्या फुटतात, गुंता सरकायला लागतो आणि साबण पुन्हा पातळ होतो. त्याच्याही पुढे गेलात तर पाण्यात साबण राहतच नाही, वर येऊन तरंगतो. वडीच्या साबणाच्या कारखान्यात मुद्दाम मीठ घालून साबण वेगळा काढतात ती हीच क्रिया.

थोडक्यात, मिठाला चढ आहे, माथा आहे आणि पलीकडे दरी आहे. आणि चढावरून माथा दिसत नाही. ‘जरा अजून’ म्हणणारे सगळे त्या बाजूला घसरतात, मीही घसरले. त्यात भर म्हणजे पलीकडे घसरल्यावर साबण पातळ दिसतो, आणि पातळ दिसला की आपला हात परत मिठाकडेच जातो.

मी आता असं करते. २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून गार करायचं. कोरडं मीठ साबणात टाकायचं नाही, जिथे पडेल तिथे साबण फुटतो आणि पांढरे कण राहतात. मग १०० ग्रॅम साबण वेगळ्या ग्लासात घ्यायचा, पूर्ण गार झालेला. त्यात मिठाचं पाणी एकेक ग्रॅम घालायचं, चमच्याने हळू ढवळायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. प्रत्येक वेळी चमचा उचलून धार कशी पडते ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. लिहायचंच, आठवणीवर सोडायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ग्रॅमला फरक कळायला हवा. पाच-सहा ग्रॅमपर्यंत काहीच झालं नाही, तर हा साबण मिठाला दाद देणारा नाही. तिथेच थांबा आणि गमच्या भागाकडे जा.

ग्लासात माथा ओलांडून दाखवा, मुद्दाम. एकदा पातळ होईपर्यंत न्या. शंभर ग्रॅम साबण जाईल, पण माथा कुठे आहे ते आकड्यात कळेल. मोठ्या भांड्यात त्या आकड्याच्या जरा अलीकडे थांबायचं. माथ्यावर बरोबर उभा असलेला साबण थंडी-उन्हाच्या फरकानेही इकडेतिकडे होतो. अलीकडे थांबलेला टिकतो.

मीठ साधं, शुद्ध, बारीक. सैंधव आणि जाडं समुद्री मीठ दिसायला छान, पण त्यांच्याबरोबर मॅग्नेशियम-कॅल्शियम येतं आणि जड पाण्याचं दुखणं मागच्या दाराने परत येतं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ज्या मिठात पूड मिसळलेली असते त्याने जेल ढगाळ होऊ शकतं. मिठाचं पाणी ग्लासात धरून बघा, ते नितळ नसेल तर साबणही नितळ राहणार नाही.

सुगंधाचा क्रम इथे महत्त्वाचा. सुगंधी तेलं त्या गोळ्यांच्या आत जाऊन बसतात आणि धाग्यांचा सगळा हिशेब बदलतात. काही तेलांनी साबण दाटतो, बऱ्याच तेलांनी पातळ होतो. एकाच कृतीत एका सुगंधाने छान जेल आणि दुसऱ्याने पाणी, असं घडतं ते यामुळेच. म्हणून सुगंध आधी, मीठ शेवटी. ग्लासातली चाचणीसुद्धा सुगंध घातलेल्या साबणावरच करायची. ग्लिसरीन, साखरेचं पाणी आणि अल्कोहोल हे तिन्ही साबण पातळ करतात. ‘त्वचेला बरं’ म्हणून शेवटी ओतलेलं ग्लिसरीन आधी मिळवलेली दाटी घेऊन जातं.

मीठ फार झालं, आता?

पाणी घालून मीठ विरळ होतं खरं, पण साबणही विरळ होतो, आणि हाती पातळ साबणच येतो. उपाय एकच: त्याच घाण्यातला बिनमिठाचा साबण त्यात घालणं. म्हणून मी प्रत्येक घाण्याचा एक चतुर्थांश भाग बाजूला काढल्याशिवाय मिठाला हातच लावत नाही. तो नसेल तर थोडा नवा लगदा विरघळवून घाला. साबण फुटून वर आला असेल तरीही हेच, फक्त मंद आचेवर आणि धीराने.

गम: गाठी होतात त्या गमच्या दोषाने नव्हे

साबण मिठाला दाद देत नसेल तर गम लागतो. आणि गम म्हटलं की गाठी. पूड साबणावर भुरभुरली की प्रत्येक कणाभोवती ओलं आवरण होतं, आत कोरडं पीठ तसंच राहतं. माशाच्या डोळ्यासारखे ते पांढरे ठिपके नंतर कितीही ढवळा, जात नाहीत. शिवाय साबणाच्या द्रावणातलं पाणी आधीच साबणाने धरून ठेवलेलं असतं. गमला फुगायला पाणीच मिळत नाही. म्हणून गमला त्याचं पाणी आधी द्यायचं. साबण विरघळवायच्या एकूण पाण्यातलं पाव पाणी सुरुवातीलाच बाजूला काढा, गम त्यात पूर्ण फुलवा, आणि मग दोन्ही एकत्र करा.

झँथन गम: एकूण वजनाच्या अर्धा ते एक टक्का. आधी चौपट ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या, मग पाण्यात ओता. एवढ्याशा ग्लिसरीनने दाटी बिघडत नाही. एक टक्क्याच्या वर गेलात तर तार सुटते आणि हाताला चिकट लागतं. साधा झँथन साबण ढगाळ करतो, नितळ हवा असेल तर पारदर्शक प्रकारचा मागा.

एचईसी, म्हणजे हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज: माझी पहिली पसंती. नितळ राहतो, तार कमी, मिठाचं आणि क्षाराचं त्याला वावडं नाही. एक ते दीड टक्का. याचा स्वभाव समजून घ्या. याच्या अनेक प्रकारांवर असं आवरण असतं की साध्या गार पाण्यात पूड आधी सुटी पसरते आणि सावकाश फुलते. पण पाणी अल्कधर्मी, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं, असेल तर ती लगेच फुलते. म्हणजे थेट साबणात टाकलीत तर पसरायला वेळच मिळत नाही आणि गाठी हमखास. गार पाण्यात पसरवा, दाट आणि नितळ होईपर्यंत ढवळा, मग साबणात.

एचपीएमसी (हाही सेल्युलोजचाच प्रकार) याच्या उलट्या चालीचा. तो गरम पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो, आणि गार होताना फुलतो. म्हणून पूड गरम पाण्यात घालून ढवळत ढवळत गार करायची. गरम असताना ‘काहीच होत नाही’ म्हणून दुप्पट घालणाऱ्यांना तासाभराने भांड्यात रबर सापडतं.

ग्वार गम चालतो, पण एक सापळा आहे आणि मी त्यात पाय घातलाय. जुन्या पद्धतीत उरलेला क्षार मारायला लिक्विड साबणात टाकणखार घालतात. मीही घातला होता. नंतर वरून फुलवलेला ग्वार ओतला, आणि दोन मिनिटांत पूर्ण साबण हातात उचलता येईल असा लिबलिबीत गोळा झाला. टाकणखारातला बोरेट अल्कधर्मी पाण्यात ग्वारच्या साखळ्या एकमेकींना शिवून टाकतो. मुलं खेळायला जो स्लाइम करतात तोही याच करामतीचा. ती शिवण आम्लाने उसवते, पण आम्लाने साबणच फाटतो. गोळा टाकून दिला. टाकणखार घातलेल्या साबणात ग्वार नको.

कार्बोमर (सॅनिटायझरच्या जेलमध्ये वापरतात ती पूड) खऱ्या साबणात टिकत नाही, साबणातल्या क्षारांपुढे त्याचं जेल कोसळतं. स्टार्चची खळ आणि जिलेटिन यांनी दोन दिवस बरं दिसतं, मग पाणी सुटतं आणि वास येतो. दोन्ही सोडून द्या.

लिंबू घातलंत का?

‘पीएच खाली आणायला’ म्हणून लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घातलं असेल आणि दूध फाटावं तसं झालं असेल, तर कारण शोधायला लांब जायला नको. खरा साबण ९ ते १०.५ पीएचलाच साबण असतो. त्याखाली आणलात की त्यातली तेलाची आम्लं सुटी होऊन तरंगायला लागतात. मूळ लगद्यात थोडा क्षार जास्त असेल तर अगदी किंचित आम्ल चालतं, पण ५.५ चा खरा साबण ही वस्तूच नाही. फार फाटला नसेल तर पोटॅशचं विरळ द्रावण थेंबाथेंबाने घालून मंद आचेवर परत आणता येतो. मोजमापाची सवय नसेल तर हे करू नका, घाणा बाजूला ठेवा.

पंधरा दिवसांनी पातळ झाला

हे दुखणं वेगळं, कारण इथे सुरुवातीला सगळं बरोबर झालेलं असतं. मिठाने केलेलं जेल गरम जागी पातळ वाटतं आणि गार झाल्यावर परत येतं. परत येत असेल तर चिंता नाही.

परत येत नसेल, वास बदलला असेल, किंवा बाटलीच्या कडेला ठिपके दिसत असतील, तर जंतू आहेत. गम म्हणजे त्यांचं खाद्य. सेल्युलोज आणि ग्वारच्या लांब साखळ्या त्यांची विकरं (एन्झाइम) तोडतात, आणि साखळी तुटली की दाटी गेली. असा साबण वर मीठ घालून दुरुस्त करायचा नसतो, टाकायचा असतो.

पुढच्या वेळी संरक्षक (प्रिझर्वेटिव्ह) घालताना तो कोणत्या पीएचला काम करतो ते बघा. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट आम्लधर्मी मिश्रणातच उपयोगी पडतात. साबणात ते घालणं म्हणजे घातल्याचं समाधान, बाकी काही नाही. फिनॉक्सिएथेनॉल या पीएचला टिकतं. तेही साबण थोडा पातळ करतं, म्हणून ग्लासातल्या चाचणीआधीच घाला. कोरफडीचा ताजा गर, फुलांचे काढे असलं काही साबणात असेल तर कोणत्याही संरक्षकावर भार पडतो. मी ते घालणं बंद केलंय.

बुडबुडे

जेल नितळ आहे पण आत हजार बुडबुडे अडकलेत, तर ते ढवळताना शिरलेत. मिठाच्या जेलमधून ते एक-दोन दिवसांत वर येतात. झँथनमधून नाही, तो स्थिर असताना इतका घट्ट धरतो की महिन्यानेही बुडबुडा जागचा हलत नाही. बाटली गरम पाण्यात तासभर उभी करा, थोडे सुटतील. बाकीच्यांवर उपाय म्हणजे पुढच्या घाण्याला ब्लेंडर फक्त गम फुलवण्यापुरता वापरणं. साबणात मिसळायचं ते चपट्या चमच्याने, तळातून वर, हळू.

मदत मागायची असेल तर नुसतं ‘पातळ झाला, काय करू’ लिहू नका. तेलांची टक्केवारी, पोटॅशची शुद्धता, लगद्याला पाणी किती, मीठ किती ग्रॅम, सुगंध आधी की नंतर, आणि बाजूला काढलेला बिनमिठाचा साबण शिल्लक आहे का, एवढं लिहा. शेवटच्याचं उत्तर ‘आहे’ असेल तर घाणा बहुतेक वेळा वाचतो.